भंगारातला टॉवरचा ॲम्प्लिफायर आणि क्यूओ-१००वरचा टीव्ही : रत्नागिरीच्या कातळावरून

कातळावरचा

नमस्कार मंडळी. गेले आठ महिने एका ॲम्प्लिफायरच्या पेटीत डोकं घालून बसलो होतो. ती पेटी आता नीट चालते आहे, म्हणून सगळं लिहून ठेवतो. मराठीत या विषयावर मला काहीच सापडलं नव्हतं. पुढच्या माणसाचे निदान दोन ट्रान्झिस्टर वाचावेत एवढीच इच्छा.

हौशी रेडिओवाल्यांना, म्हणजे हॅम मंडळींना, नुसतं बोलण्याऐवजी चित्रही पाठवता येतं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. कतारचा एस्हेल-२ हा उपग्रह नोव्हेंबर २०१८ मध्ये वर गेला. त्यावर हौशी मंडळींसाठी दोन ट्रान्सपाँडर, म्हणजे खालून आलेलं सिग्नल पकडून परत खाली पाठवणारी यंत्रं, आहेत आणि त्यांना क्यूओ-१०० म्हणतात. त्यातला रुंद ट्रान्सपाँडर खास डिजिटल टीव्हीसाठी आहे. खालून २४०१.५ ते २४०९.५ मेगाहर्ट्झवर पाठवायचं, तो १०४९१ ते १०४९९ मेगाहर्ट्झवर परत खाली टाकतो. उपग्रह भूस्थिर आहे, २५.९ अंश पूर्वेला. डिश एकदा लावली की हलवायची नाही.

आपल्याला कोकणात यात एक नैसर्गिक फायदा मिळतो. रत्नागिरीहून हा उपग्रह पश्चिमेच्या १५ अंश दक्षिणेला, म्हणजे २५५ अंशांवर आणि क्षितिजापासून ३३ अंश वर दिसतो. थोडक्यात डिश सरळ अरबी समुद्राकडे तोंड करून बसते आणि समोर डोंगर नाही, इमारत नाही. आडवे येतात ते फक्त माड. मी घरामागच्या कातळावर जागा निवडली, तिथून ३३ अंशांची रेषा दोन माडांच्या शेंड्यांमधून जाते.

आता ॲम्प्लिफायर. मुंबईच्या एका भंगारवाल्याकडून ३जी टॉवरमधून काढलेला पॉवर ॲम्प्लिफायर घेतला. मूळचा २११० ते २१७० मेगाहर्ट्झचा. आत २८ व्होल्टवर चालणारे एलडीमॉस ट्रान्झिस्टर, खाली जाडजूड ॲल्युमिनियमचं हीटसिंक. नवीन घ्यायला गेलो तर नुसते ट्रान्झिस्टरच परवडत नाहीत. झाकण उघडलं की एक ड्रायव्हर, म्हणजे आधीचा लहान ट्रान्झिस्टर, दिसतो, त्यापुढे समांतर जोडलेले दोन मोठे ट्रान्झिस्टर, आणि बाहेर पडायच्या तोंडाशी सर्क्युलेटर, म्हणजे परत आलेली पॉवर बाजूला वळवणारा भाग. शिवाय टॉवरच्या कंट्रोलरशी बोलणारी एक वेगळी पाटी (सर्किट बोर्ड) असते. ही पाटी आदेश मिळाल्याशिवाय गेटला व्होल्टेजच देत नाही, म्हणून मी ती काढून टाकली. एलएम३१७ ही व्होल्टेज स्थिर ठेवणारी चिप आणि दहा फेऱ्यांचे प्रीसेट (बारीक फिरवायचे रेझिस्टर) वापरून प्रत्येक ट्रान्झिस्टरचा बायस, म्हणजे गेटला द्यायचं कायमचं व्होल्टेज, वेगळा केला.

बायस लावताना घाई नको. आत-बाहेर दोन्हीकडे ५० ओहमचा लोड, ड्राइव्ह (आत जाणारं सिग्नल) शून्य, प्रीसेट शून्यावर, सप्लायची करंट लिमिट खाली. मग २८ व्होल्ट द्यायचे आणि एका वेळी एकच प्रीसेट हळूहळू वर न्यायचा. बराच वेळ काहीच होत नाही आणि मग पाव फेऱ्यात करंट उडी मारतो. डेटाशीटमधला आकडा आला की तिथेच थांबायचं.

खरं काम यानंतर सुरू होतं. २१४० साठी आखलेल्या तांब्याच्या पट्ट्या २४०५ मेगाहर्ट्झला विजेच्या हिशेबात जवळजवळ १२ टक्के लांब पडतात. पहिल्या दिवशी ड्रायव्हर धरून सगळ्याचा गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढतं तो आकडा, मिळाला जेमतेम ११ डीबी. आधी पट्टीवरचे चिप कपॅसिटर ट्रान्झिस्टरच्या दिशेने सरकवले, एकेक मिलिमीटर. मग तांब्याच्या पातळ पत्र्याचे तांदळाएवढे तुकडे कापले. दातकोरणीच्या टोकाला एक तुकडा चिकटवायचा, कमी ड्राइव्हवर पट्टीच्या कडेने फिरवायचा आणि मीटरकडे बघायचं. काटा वर गेला की जागेवर पेन्सिलची खूण करायची, सप्लाय बंद करायचा, मग सोल्डर. काही ठिकाणी उलट, आधीच्या कारखान्यातल्या माणसाने लावलेला तुकडा काढल्यावर काटा वर गेला. असे अकरा तुकडे लागले आणि दोन निघाले. आता गेन २३ डीबी आहे. दोन ट्रान्झिस्टरना जोडणारे हायब्रिड पुरेसे रुंद असतात, त्यांना हात लावला नाही.

सर्क्युलेटर मात्र २.१ गीगाहर्ट्झसाठीच बनलेला असतो, २.४ वर तो बरीच पॉवर स्वतःच खातो. तो काढून तिथे सेमी-रिजिड केबलचा तुकडा टाकला. यात एक धोका आहे, तो मला महागात पडला. खाली लिहीन.

एक सूचना सगळ्यांसाठी. जुन्या आरएफ (रेडिओ लहरींच्या) ट्रान्झिस्टरच्या पांढऱ्या सिरॅमिकमध्ये काही वेळा बेरिलियम ऑक्साइड असतं. त्याची पूड फुप्फुसाला घातक आहे. सिरॅमिक घासू नका, फोडू नका.

---

सिग्नल_कर्वेनगर

अप्रतिम. एक शंका. बाजारात आठ वॅटचे वायफाय बूस्टर मिळतात, ते आधीच २.४ गीगाहर्ट्झचे असतात. एवढी पट्ट्यांची कापाकापी कशासाठी?

---

कातळावरचा

प्रश्न रास्त आहे, मीही सुरुवात तिथूनच केली. त्यावरचे आठ वॅट शिखराचे असतात. वायफायचं सिग्नल थोडा वेळ येतं, थोडा वेळ थांबतं. बूस्टर आत आरएफ जाणवलं की पाठवायच्या बाजूला वळतो, नाहीतर ऐकायच्या बाजूला. टीव्हीचं सिग्नल अखंड असतं. त्यासाठी तो जाणिवेचा भाग कायमचा पाठवण्याच्या बाजूला बांधावा लागतो आणि हीटसिंक चांगलं तिप्पट मोठं लावावं लागतं. एवढं करूनही स्वच्छ असे दोन-अडीच वॅट हाती लागले. मोठी डिश असेल आणि कमी सिम्बॉल रेटवर, म्हणजे माहिती पाठवायच्या कमी वेगावर, समाधान असेल तर त्यावरही चित्र जातं. नव्या माणसाने तिथूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे. पट्ट्या कापण्याआधी डिश, फीड (डिशच्या तोंडाशी बसणारा अँटेना) आणि एन्कोडर (चित्र दाबून लहान करणारं यंत्र) हातात बसलेले असावेत.

आणि डिजिटल टीव्हीत वॅटच्या मागे लागण्यात अर्थ नाही. माझी पेटी १ डीबी कॉम्प्रेशनला, म्हणजे गेन कमी व्हायला लागतो त्या टोकाला, ४५ वॅट देते, पण मी सरासरी १२ वॅटच्या वर जात नाही. त्यापुढे सिग्नलच्या दोन्ही बाजूंना खांदे वर येतात, म्हणजे आपलं सिग्नल शेजाऱ्याच्या पट्ट्यात सांडायला लागतं. आठ मेगाहर्ट्झच्या त्या गल्लीत ब्राझीलपासून थायलंडपर्यंतची माणसं एकमेकांशेजारी बसलेली असतात. सिम्बॉल रेट निम्मा केला की लागणारी पॉवरही निम्मी होते. सेकंदाला १५०० हजार सिम्बॉलवरून ३३३ हजारांवर आलात तर साडेसहा डीबी फुकट मिळतात. ३३३ वर क्यूपीएसके (एका सिम्बॉलमध्ये दोन बिट), एफईसी (चुका दुरुस्त करायचे जादा बिट) २/३ ठेवून सुमारे ४४० किलोबिट हाती येतात. एच.२६५ एन्कोडर असेल तर तेवढ्यात माणसाचा चेहरा, ओठांची हालचाल, हातातला फलक सगळं नीट दिसतं.

---

अण्णा७३

फार समाधान वाटलं वाचून. मी आता दापोलीजवळ असतो. ॲनालॉग काळात १.२ गीगाहर्ट्झवर एफएम टीव्ही केला, एम५७७६२ हे मित्सुबिशीचं मॉड्यूल वापरून. एफएमला एक बरं होतं, ॲम्प्लिफायर पिळून काढला तरी चित्राला काही होत नसे. डिजिटलला तो मोकळेपणा नाही.

तुमच्याकडे दोन्ही खांदे सारखे आहेत का, की एक उंच आणि एक बुटका? आणि उष्णता कमी व्हावी म्हणून बायस खाली आणला आहे का?

---

कातळावरचा

अण्णा, तुम्ही नेमकं दुखणं ओळखलंत. डावा खांदा उजव्यापेक्षा चांगला चार डीबी उंच आहे. आणि होय, दुपारी हीटसिंकला हात लावता येत नव्हता म्हणून बायस तीस टक्के उतरवला होता.

---

अण्णा७३

बायस आधी जागेवर न्या. कमी बायसवर लहान सिग्नल आणि मोठं सिग्नल यांचा गेन वेगळा पडतो आणि खांदे तिथूनच फुटतात. उष्णतेचा इलाज पंख्याने करा.

खांदे वाकडे असतील तर ड्रेनच्या फीडकडे, म्हणजे ट्रान्झिस्टरला २८ व्होल्ट जिथून मिळतात तिथे, बघा. डिजिटल सिग्नलचा लिफाफा (त्याची उंची) सिम्बॉलच्या वेगाने वर-खाली होतो, म्हणजे ड्रेनचा करंट काही शे किलोहर्ट्झवर झोके घेतो. आरएफसाठी लावलेला पिकोफॅरडचा कपॅसिटर त्याला अडवत नाही. ड्रेनच्या फीडपाशी, अगदी लागून, ०.१ मायक्रोफॅरड, मग १० मायक्रोफॅरडचा सिरॅमिक आणि शेजारी एक मोठा इलेक्ट्रोलिटिक लावा. लांब वायरच्या टोकाला लावलेला काही कामाचा नाही. कंट्रोलरची पाटी काढताना त्याबरोबर मूळचे कपॅसिटर गेले असण्याची शक्यता मला दिसते.

---

कातळावरचा

तसंच झालं होतं. पाटीबरोबर तिन्ही मोठे कपॅसिटर गेले होते. काल रात्री नवे लावले, बायस वर नेला. खांदे आता दोन्हीकडे सारखे, मुख्य सिग्नलच्या ३० डीबी खाली. अण्णा, मनापासून आभार. महिनाभर मी तांब्याचे तुकडे फिरवत बसलो होतो आणि दोष पट्टीत नव्हताच.

---

जुना_केबलवाला

डिशचं मी सांगतो. कोकणात गावोगावी केबलवाल्यांच्या सहा आणि आठ फुटी जाळीच्या सी-बँड डिश पडून आहेत, कुणाच्या परसात त्यावर दुधी चढलाय. २.४ गीगाहर्ट्झला लहर साडेबारा सेंटिमीटरची, तिला ती जाळी अख्ख्या पत्र्यासारखीच. सहा फुटीला सुमारे ३० डीबी गेन मिळतो. पण १० गीगाहर्ट्झला लहर तीन सेंटिमीटरच्याही आत येते आणि मोठ्या भोकाच्या जाळीतून बरंच गळून जातं. त्यामुळे पाठवायला जाळी आणि ऐकायला डीटीएचची तीन फुटी पत्र्याची डिश, अशा दोन वेगळ्या ठेवा.

बोल्ट स्टेनलेसचेच घ्या. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धनकडच्या माझ्या डिश वाऱ्याने वाकल्या नाहीत, बोल्ट गंजून आधीच अर्धे झाले होते तिथून तुटल्या. जाळीतून वारा जातो, हा तिचा दुसरा गुण.

फीड कोणता लावलात?

---

कातळावरचा

हेलिक्स, म्हणजे स्प्रिंगसारखा अँटेना, तांब्याच्या तारेचे साडेतीन फेरे. इथे एक चूक सगळ्यांकडून होते. उपग्रहाला उजव्या हाताचं वर्तुळाकार पोलरायझेशन लागतं म्हणून आपण हेलिक्स उजवीकडे वळवतो. पण डिशवर आपटून परत जाताना दिशा उलटते. म्हणून फीड डाव्या हाताचा हवा. मी तीन संध्याकाळी चुकीच्या हेलिक्सवर घालवल्या, वर काहीच पोचत नव्हतं. नवा वळवला आणि पहिल्याच कॅरिअरला, म्हणजे सिग्नल चालू करताच, पडद्यावर त्याचं टेकाड उभं राहिलं.

सहा फुटी डिशला लावलेले १२ वॅट म्हणजे समोरच्या दिशेने १२ किलोवॅट असल्यासारखे असतात. डिशच्या तोंडासमोर कुणी उभं राहू नये, मुलं तर नाहीच. माझ्याकडे कातळाला कुंपण घातलं आहे आणि कॅरिअर चालू असताना लाल दिवा लागतो.

---

निळी_लाट

काका, मी अलिबागला राहते, इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. हौशी रेडिओचा परवाना अजून नाही. पाठवण्याआधी नुसतं बघायचं असेल तर काय लागेल? घरी फ्री डिशचा बॉक्स आहे, त्यावर दिसेल का? आणि डिश त्या दिशेला नेमकी कशी लावायची, माझा मोबाइलचा कंपास गच्चीवर वेड्यासारखा फिरतो.

---

कातळावरचा

ताई, बघण्यापासूनच सुरुवात कर. बीकन, म्हणजे उपग्रहावरून येणारं खुणेचं सिग्नल, १०४९१.५ मेगाहर्ट्झवर चोवीस तास चालू असतं. एलएनबी, म्हणजे डिशच्या तोंडाशी बसून फ्रिक्वेन्सी खाली आणणारा डबा, ९७५० लोकल ऑसिलेटरचा घे. वजाबाकी केलीस की ७४१.५ मेगाहर्ट्झ येतात. फ्री डिशचा बॉक्स ९५० च्या खाली ऐकतच नाही, म्हणून तो चालणार नाही. हौशी मंडळींनी मिनिट्यूनर नावाचा रिसीव्हर बनवला आहे, तो लागतो. तेवढा खर्च आत्ता नको असेल तर साध्या आरटीएल-एसडीआरवर (संगणकाला लावायचा स्वस्त रेडिओ रिसीव्हर) बीकनचं टेकाड तरी दिसेल. डिश लावायला तेवढं पुरतं.

दिशेसाठी सूर्य वापर. रत्नागिरीहून मार्चच्या मध्याला आणि सप्टेंबरच्या अखेरीला चार-पाच दिवस सूर्य दुपारी बरोबर उपग्रहाच्या मागून जातो. मार्चमध्ये वेळ सव्वाचार ते साडेचार. तेव्हा गोल डिशच्या फीडची सावली ताटलीच्या मधोमध पडली पाहिजे. अलिबागला एखाद्या दिवसाचा आणि थोड्या मिनिटांचा फरक पडेल. बाकीच्या दिवसांत, सूर्य उपग्रहाच्या दिशेला येत असेल तेव्हा (अलिबागहून ती सुमारे २५३ अंश), तो तिथे कधी येतो ते काढून त्या क्षणी काठीची सावली जमिनीवर खडूने आखून ठेव, दिशा मिळाली. लोखंडी गच्चीवर कंपासवर विसंबू नकोस.

परवान्याची परीक्षा दूरसंचार खात्याची डब्ल्यूपीसी शाखा घेते. ती दे. परवाना हातात आला की त्यातले फ्रिक्वेन्सीचे पट्टे आणि अटी ओळीओळीने वाच. त्यात जे बसत नाही त्यावर एक सेकंदही कॅरिअर टाकायचा नाही. आणि आपलं सिग्नल वर गेल्यावर बीकनच्या वर डोकं काढत नाही ना हे आधी बघायचं. ब्रिटनच्या बीएटीसी या हौशी टीव्हीवाल्यांच्या संस्थेने गुनहिलीच्या उपग्रह स्टेशनवरून पूर्ण ट्रान्सपाँडरचं चित्र सगळ्यांसाठी इंटरनेटवर खुलं ठेवलं आहे, ते समोर ठेवूनच पॉवर वाढवायची.

वायफायचा एक नंबरचा चॅनेल याच जागेत येतो. शेजारी होमस्टे आहे, त्यांचा राउटर मी स्वतः जाऊन अकराव्या चॅनेलवर लावून दिला. शेजाऱ्याला आधी सांगितलेलं बरं.

---

मचव्यावरचो

बऱ्याच दिसांनी असला कायतरी वाचूक गावला. माका टीव्ही पाठवण्यातला कळणा नाय, पण मिठातला कळता. पंचवीस वर्सा बोटीवरचे वायरलेस आणि फिशफाइंडर दुरुस्त करतंय.

पेटी खंय ठेवलंस? घरात काय डिशपाशी?

---

कातळावरचा

डिशपाशीच ठेवावी लागते, दुसरा मार्ग नाही. २.४ गीगाहर्ट्झला साधी आरजी-५८ केबल मीटरमागे एक डीबीहून जास्त खाते. दहा मीटर केबल घातली तर बारातला जेमतेम एक वॅट वर पोचतो. जाड एलएमआर-४०० मीटरला पाव डीबीच्या आत खाते, पण कातळापर्यंत माझी पंचवीस मीटर होते.

आणि इथेच माझा ट्रान्झिस्टर गेला. सर्क्युलेटर काढला होता हे वर लिहिलं. तो असताना परत आलेली पॉवर बाजूच्या लोडमध्ये जिरते. तो नसला की सगळी पॉवर ट्रान्झिस्टरवर आपटते. पहिल्या पावसाच्या झडीत एन कनेक्टरमध्ये पाणी शिरलं. मी घरातून कॅरिअर टाकला, करंट वर गेला, दोन सेकंदांत शून्य. उघडून बघितलं तर कनेक्टरच्या मधल्या पिनवर हिरवट पीठ साचलं होतं आणि ट्रान्झिस्टरच्या पत्तीपाशी पाटी काळी पडली होती. पेटीची सगळी कड मी सिलिकॉनने बुजवली होती, तरी आत घाम सुटलेला होता.

---

मचव्यावरचो

थंयच चुकलंस. सगळी कड बुजवलंस म्हणजे पेटी सुकी रवता असा वाटता. पण दिसाक ती तापता, रातीक थंड होता, तेव्हा खंयच्या तरी फटीतून हवा आत ओढता. ती हवा खारी आणि दमट. आत घाम सुटता आणि भायर जावक वाट नाय. म्हणान सगळ्यात खालच्या कोपऱ्यात तीन मिलिमीटरचा भोक ठेव. त्येका बारीक पितळी जाळी लाव, नायतर कुंभारीण माती भरून घर करता.

दुसरा, सिलिकॉन खंयचो होतो? व्हिनेगरसारखो वास येता तो असात तर ता ॲसिड तांब्याक खाता. वास नसलेलो, न्यूट्रल म्हणतत तो घे.

कनेक्टर नेहमी खाली तोंड करून. केबलीक पेटीत शिरायच्या आधी एक झोळ दी, म्हणजे पाणी झोळाच्या तळाक गळता. कनेक्टराक आधी रबरी सेल्फ-अमलगमेटिंग टेप ताणून, वरसून साधी टेप. आणि महिन्यातून एकदा गोड्या पाण्यान सगळा धू. बोट धुतत ना, तसाच. मीठ साचान ऱ्हवला की ताच पाणी ओढता.

---

कातळावरचा

दादा, तुमचं पोस्ट छापून मांगराच्या दारावर लावलं आहे. तुमच्या सांगण्याप्रमाणे सगळं केलं. सिलिकॉन व्हिनेगरच्या वासाचाच होता, खरवडून काढला तेव्हा त्याखालची तांब्याची पट्टी गुलाबी झालेली दिसली. खालच्या कोपऱ्यात भोक आणि जाळी. हीटसिंकच्या पाती पेटीच्या बाहेर उभ्या ठेवल्या, पंखा बाहेरूनच वारा मारतो, त्यामुळे खारा वारा पाटीपर्यंत जात नाही. वर उताराचा छोटा पत्रा, चारी बाजूंना वीतभर बाहेर. पॉवर बंद असते तेव्हाही आत पाच वॅटचा एक रेझिस्टर गरम राहतो, रात्री मतलई सुटल्यावर पेटी थंड पडून घाम सुटू नये म्हणून. परतीची पॉवर मोजायला डायरेक्शनल कपलर बसवला आणि ती एका मर्यादेपुढे गेली की बायस आपोआप तुटतो.

वीज गेली तर दोन १२ व्होल्टच्या बॅटऱ्या आणि पुढे २८ व्होल्टचा कन्व्हर्टर आहे. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली होतं तेव्हा माझी बहीण तिथे वरच्या मजल्यावर अडकली होती आणि पाणी कुठवर आलंय हे कळायला मला दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ झाली. ही पेटी बॅटरीवर चालली पाहिजे हा माझा हट्ट तेव्हापासूनचा आहे.

उद्या रात्री साडेनऊला ३३३ वर पाठवतो. ज्यांच्याकडे रिसीव्हर आहे त्यांनी बघावं.

---

अण्णा७३

पाहिलं. ९:३१ ला लॉक आलं, म्हणजे रिसीव्हरने सिग्नल पकडलं. एमईआर (सिग्नल किती स्वच्छ आहे तो आकडा) ५.६ डीबी. त्या एफईसीला साधारण ३ डीबी लागतात, म्हणजे अडीच डीबी हातात आहेत. खांदे सारखे. आवाज चित्राच्या किंचित मागे येतो, एन्कोडरमध्ये ऑडिओचा विलंब बघा. कॅमेरा बाहेर वळवलात तेव्हा दिव्याच्या उजेडात पेटीवरचा पत्रा दिसला आणि त्याच्या मागे माड हलताना दिसला. शेवटची पाच-सहा मिनिटं वारा वाढला तेव्हा एमईआर ४.८ पर्यंत खाली-वर होत होतं. डिश हलते की माडाची झावळी आडवी येते ते दिवसा बघून घ्या. झावळी असेल तर पावसाआधी छाटून टाका.

---

निळी_लाट

काका, माझ्या आरटीएल-एसडीआरवर तुमचं टेकाड दिसलं! बीकनच्या उजवीकडे, त्याच्यापेक्षा बुटकं. तुम्ही कॅरिअर बंद केलात तेव्हा ते खाली बसताना पण दिसलं. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय. परीक्षेचा अर्ज आज भरला.